नॉर्बर्ट सेफ होता

अल्मा रोअरिंगला आमच्या सेंट ओडिलो गावात कुणी सहसा 'कशी आहेस?' असं विचारायचं नाही. विचारलं की ती सांगायची, "नॉर्बर्ट सेफ होता." मग पाऊसपाणी, मका, कुणाच्या मुलीचं कुठे जुळलं, सगळं राहून जायचं आणि तुम्ही कॉफी गार होईपर्यंत आदल्या ऑगस्टमधल्या एका चेंडूची कहाणी ऐकत बसायचात.

बाई विधवा. चाळीस गाई, एक मुलगा आणि एक जीभ, एवढा तिचा संसार. गावच्या बेसबॉल संघाचे शर्ट एकतीस वर्षं तीच धूत आली होती. मैदानात तिची जागा ठरलेली, होम प्लेटच्या, म्हणजे धावणारा पोचला की रन होतो त्या पाटीच्या, बरोबर मागे, जाळीला नाक लागेल अशी. तिथून ती अंपायरला जे बोलायची ते मी इथे लिहीत नाही, कारण फादर अजून हयात आहेत. तेच फादर दर शनिवारी तिचा कबुलीजबाब ऐकायचे.

"पुन्हा अंपायरला शिव्या दिल्यास?"

"दिल्या, फादर."

"पश्चात्ताप होतोय?"

"नाही."

"मग आलीस कशाला?"

"हजेरी लावायला."

हे मला कसं कळलं ते विचारू नका. चर्चमधली ती कबुलीजबाबाची पेटी फार पातळ लाकडाची आहे.

तर तो चेंडू. विभागाची अंतिम लढत, जिंकणारा राज्यस्पर्धेला जाणार, समोर मार्टेनफील्ड. ते गाव सात मैलांवर, लोक लुथरन, म्हणजे आमच्याहून वेगळ्या पंथाचे, पण तो काही त्यांचा दोष नाही. शेवटचा डाव, आम्ही एका रनने मागे, आणि तिसऱ्या बेसवर, होम प्लेटच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर, अल्माचा नॉर्बर्ट उभा. वय अडतीस, गुडघे त्याहून म्हातारे. वीस हंगाम खेळला, पण राज्यस्पर्धेचं मैदान त्याने कधी पाहिलं नव्हतं. प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या मार्टेनफील्डच्या कॅचरच्या हातून चेंडू सुटला आणि जाळीपर्यंत घरंगळत गेला. नॉर्बर्ट धावला. म्हणजे आपल्या परीने धावलाच. कॅचरने चेंडू फेकला, त्यांचा चेंडू टाकणारा पिचर डेल ब्रुमर होम प्लेटवर धावत आला आणि दोघे एकमेकांवर कोसळले. धुरळा उडाला. तो खाली बसला तेव्हा डेलच्या हातात चेंडू होता. अंपायर क्लीटस थीसनने मूठ वर केली. आऊट! हंगाम संपला.

अल्माचं म्हणणं असं की डेलने नॉर्बर्टला शिवलं तेव्हा हात रिकामा होता, आणि रिकाम्या हाताने शिवलं तर धावणारा सेफ, म्हणजे नाबाद. चेंडू त्याच्या पोटाखाली मातीत पडला होता, तो त्याने नंतर उचलला. तिच्यापासून ते सगळं पंधरा फुटांवर घडलं होतं. मी त्या वेळी सॉसेजच्या टपरीकडे तोंड करून उभा होतो, तरी वर्षभर शपथेवर सांगत आलो की चेंडू मातीत होता. गावात राहायचं तर इतकं करावंच लागतं.

नॉर्बर्टने कपडे झटकले आणि दुसऱ्या दिवशी खेळायचे बूट गोठ्यातल्या खिळ्याला कायमचे टांगले. तो विसरला असेल, नसेल. आई विसरली नाही. त्यात गंमत अशी की क्लीटस हाच दुधाचा टँकर चालवायचा. एक दिवसाआड अल्माच्या दारात.

"आंधळ्या माणसाला टँकर कसा देतात रे?"

"वासावर चालवतो, अल्मा. तुझ्या गोठ्याचा तीन मैलांवरून येतो."

"नॉर्बर्ट सेफ होता."

"आऊट दिला होता. दूध किती आहे?"

हे वर्षभर चाललं. फोनमधले कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट ही. त्यामुळे जिचा आवाज मोठा, तिचं म्हणणं टिकायचं.

पुढच्या ऑगस्टात आम्ही विभाग जिंकलो. गावात तीन दिवस कुणी शुद्धीवर नव्हतं. पण आमच्याकडचा एक नियम आहे. विभाग जिंकणाऱ्या गावाला राज्यस्पर्धेसाठी हरलेल्या गावांतून पिचर उसने घेता येतात. आमच्या दोन्ही पिचरांचे खांदे कामातून गेले होते. मॅनेजर एलरॉय हिनेनकॅम्पने विचार केला, पुन्हा विचार केला आणि नाव दिलं डेल ब्रुमरचं.

अल्माकडे जायला कुणी तयार होईना. शेवटी एलरॉयच गेला, टोपी हातात घेऊन. मी सोबत गेलो. मदतीला नाही, बघायला.

"अल्मा, त्याच्यासाठी एक शर्ट लागेल."

"त्याला पोतं घाल."

"असं नको ना करू. गावाचा प्रश्न आहे."

"गावाचाच आहे. वर्षभर गाव म्हणतंय तो लबाड आहे. आता लबाड आपला झाला की लबाडी गेली होय?"

एलरॉयने टोपी दोनदा फिरवली. "तो पिचर चांगला आहे गं."

"ते मी नाकारलं नाही," अल्मा म्हणाली. "त्याला स्वतः पाठव."

डेल आला. पंचविशीचा, मानेपर्यंत लाल झालेला.

"मिसेस रोअरिंग, शर्ट न्यायला आलोय."

"चेंडू तुझ्या हातात होता का?"

"अंपायरने आऊट दिलं."

"मी अंपायरला विचारत नाहीये. त्याला मी दिवसाआड विचारते."

डेल गाईंकडे बघत राहिला. गाईंनी काही मदत केली नाही. शेवटी अल्मा आत गेली आणि नॉर्बर्टचाच सत्तावीस नंबरचा शर्ट घेऊन आली.

"हा घाल. यालाच माती चारलीस ना, आता यालाच जिंकवून दाखव."

राज्यस्पर्धेतला पहिला सामना शनिवारी दुपारी, दक्षिणेकडच्या कुठल्याशा क्रॅनविल गावाशी. आमचं अख्खं गाव तिथे, गाईंची धार काढायला दोन म्हातारे तेवढे मागे. क्लीटसही आला होता, आमच्याच बाकांवर, आमच्या संघाची पिवळी टोपी घालून. डेलने त्या दिवशी असे चेंडू टाकले की माझ्या शेजारच्या बाईला तो लुथरन असल्याचा विसर पडला. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका रनने पुढे होतो. त्यांचा एक लांबलचक पोरगा तिसऱ्या बेसवर उभा.

आणि चेंडू आमच्या कॅचरच्या हातून निसटला.

पोरगा धावला. डेल होम प्लेटवर आला, कॅचरने फेकलेला चेंडू त्याच्याकडे गेला, दोघे कोसळले, धुरळा. या वेळी मी टपरीवर नव्हतो. मी अल्माच्या मागेच होतो आणि मला लख्ख दिसलं. चेंडू मातीत होता. मग डेलचा हात त्यावर गेला. अंपायरने मूठ वर केली. आऊट! आम्ही जिंकलो.

सगळं गाव उसळलं. मीही उसळलो, खोटं कशाला बोलू. एलरॉय ढसाढसा रडत होता. एवढ्यात जाळीपाशी अल्मा उभी राहिली आणि एकतीस वर्षं कमावलेल्या त्या आवाजात ओरडली, "सेफ! तो सेफ होता! चेंडू मातीत पडला होता!"

उसळलेलं गाव खाली बसलं. क्रॅनविलचे लोकही वळून बघायला लागले. अंपायर पाणी प्यायला निघून गेला.

"आई, खाली बस," नॉर्बर्ट हळूच म्हणाला. "आपण जिंकलोय."

"तू सेफ होतास की नव्हतास?"

नॉर्बर्टने वर्षभरात पहिल्यांदा त्या चेंडूबद्दल तोंड उघडलं. "होतो."

"मग तोही होता. मी आज गप्प बसले तर गेल्या वर्षी ओरडले ते काय नुसतं पोटच्या पोरासाठी?"

मग ती क्लीटसकडे वळली. "तू बघितलंस. बोल."

क्लीटसने सॉसेजचा मोठा घास घेतला. "आज मी तिकीट काढून आलोय, अल्मा. आज मला काही दिसत नाही."

एलरॉय तावातावाने बाकांवरून चढत आला. "कुणाच्या बाजूची आहेस तू? सगळ्यांसमोर शब्द मागे घे. नाहीतर सोमवारी शर्ट दुसऱ्या कुणाकडे जातील!"

"सोमवारी शर्ट माझ्याच दोरीवर वाळतील. ज्याला न्यायचे असतील त्याने दोरीपर्यंत यावं."

क्रॅनविलचा एक म्हातारा अदबीने पुढे आला. त्या पोराचा आजोबा असावा. "बाई, तुमच्यासारखं माणूस पाहिलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या बाकांवर या, मानाची जागा देतो."

अल्माने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुमचा पोरगा प्लेटवर झाडाचं खोड गडगडत यावं तसा घसरतो. नीट घसरला असता तर वादच नव्हता. आणि मी सेंट ओडिलोची आहे. चला, व्हा पुढे."

त्या आठवड्यात तिच्याशी कुणी बोललं नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर तेवढी जागा मोकळी राहिली. शर्ट मात्र तिच्याच दोरीवर वाळले, कारण तो मातकट कपड्यांचा ढिगारा उचलायला गावात दुसरी कुणी बाई तयार झाली नाही.

पुढच्या शनिवारी दुसरा सामना. अल्मा जाळीमागे येऊन बसली. शेजारी नॉर्बर्ट, बाकी तिन्ही बाजूंना दोन-दोन बाकं रिकामी. डेलने पहिला चेंडू टाकला, तो प्लेटच्या हातभर बाहेरून गेला आणि अंपायरने तो बरोबर ठरवून आमच्या बाजूने दिला. गावातल्या दोनशे माना एकदम अल्माकडे वळल्या.

तिने दोन्ही हात जाळीत अडकवले.

"बाहेर होता, आंधळ्या! हातभर बाहेर!" आणि तेवढ्याच दमात, "आणि तू रे मेल्या डेल, पुढचा तरी नीट टाक, आपल्याला जिंकायचंय!"