आडव्या दांड्यावरून

जळगावात मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होतो. दुसऱ्या वर्षाला असताना उजवा खांदा निखळला. बसवून घेतला, विश्रांती घेतली, पुन्हा उभा राहिलो आणि पारोळ्याच्या मैदानावर एका साध्या झेपेत तो परत निखळला. डॉक्टर म्हणाले, "पळ, सायकल चालव. पण जमिनीवर अंग टाकणं बंद." अंग न टाकणाऱ्या गोलकीपरला कोण उभं करणार? मी बूट माळ्यावर टाकले.

त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका क्रीडाशिक्षकांचा फोन आला. ते आमच्या सामन्यांना पंच असायचे. आता त्यांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ जमवला होता.

मी म्हणालो, "सर, त्यात नुसती धडकाधडकी असते. माझा खांदा..."

"धडकायला माझ्याकडे पोरं आहेत. तुझी गोलकिक मध्यरेषेपार जाते, ते मी पाहिलंय. मला तुझा पाय पाहिजे."

मी दर रविवारी एसटीने धुळ्याला जाऊ लागलो. संघातली बहुतेक पोरं कुस्ती-कबड्डीतली. नेहमीच्याच गोलच्या खांबांना उंच बांबू बांधलेले. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून, त्या दोन बांबूंमधून घालवायचा. इतकी वर्षं दांड्यावरून चेंडू गेला की मला हायसं वाटायचं. इथे त्याचेच गुण मिळत होते. सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं, मग सवय झाली.

चेंडूशी जमायला मात्र वेळ लागला. तो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मारताना कुणाला तरी तो जमिनीवर उभा धरावा लागतो. माझ्यासाठी धरायचा पिंपळनेरचा एक पहिलवान. गुडघ्यावर बसून वरच्या टोकावर एक बोट ठेवायचा. एकदा माझा पाय त्या बोटावरच बसला. नख काळं पडलं. पुढच्या रविवारी तो चिकटपट्टी बांधून आला आणि नेहमीसारखा बसला. मी धावत गेलो आणि चेंडूच्या अलीकडेच थांबलो.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

"तुझं बोट..."

"बोट मनं शे. तू चेंडूकडे देख."

बोट त्याचं, काळजीही त्याची. त्यानंतर मी चेंडूकडे बघायला शिकलो.

आमचा पहिला मोठा सामना धुळ्यातच झाला. माझे वडील पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून खास आले होते. शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि माझी किक तीन गुणांची होती. सामनाभर मी बाकावर बसून होतो. पाय गार पडले होते. गोलमध्ये चेंडू अंगावर यायचा, विचार करायला वेळच नसायचा. इथे विचार करायला सगळी दुपार मिळाली होती. किक उंच गेली, पण डाव्या बांबूच्या बाहेरून. आम्ही हरलो.

पहिलवानाने माझ्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

स्टँडवर जाताना वडील म्हणाले, "बठ्ठा खेळी राहिंतात, तू बशेल व्हतास."

"सगळे खेळत होते खरे, पण माझं काम तेवढंच असतं, आबा."

"मंग ते काम नीट शिक."

पुढच्या रविवारी मी नेहमीच्या एसटीच्या आधीची गाडी पकडली. मैदानावर तेव्हा पहिलवान एकटाच होता. त्याने चेंडू धरला आणि ज्या डाव्या बाजूने माझी किक चुकली होती, तिथूनच मी मारत राहिलो.