वेलिशाच्या दगडावर काय कोरायचं

सेलामेत आगाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. काळा चहा, पाव, खारट चीज, मग पायी काळ्या समुद्रावरचं कॉन्स्टान्त्साचं बंदर. मी त्याच्याच टोळीत होतो.

धक्क्यापासून जहाजापर्यंत टाकलेली फळी वजनाखाली उसळते. पाठीवर गव्हाचं पोतं असताना पुढच्याच्या पावलाशी पाऊल मिळवावं लागतं. चुकलात तर दोघंही पाण्यात. हे ज्याला जमतं तो हमाल.

आम्हा रोमानियन लोकांनी मात्र या शब्दाची शिवी केली. 'ह' घशातून खरवडायचा, शेवटी जोर द्यायचा, म्हणजे थुंकल्यासारखा लागतो. ट्राममध्ये कुणाचा धक्का लागला की हमाल. पाहुण्यांसमोर कुणी मोठ्यानं बोललं की हमाल. म्हणणाऱ्यानं जन्मात स्वतःची बॅगसुद्धा उचललेली नसते. सेलामेतच्या घरी तुर्की बोलत. तिथे 'ह' ऐकूच येत नसे, 'अमाल' म्हणत, आणि तेही पाणी मागावं इतक्या साधेपणानं. त्यांच्या मशिदीतले होजा, म्हणजे मौलवी, सांगत, शब्द अरबांकडून तुर्कांकडे आला आणि तुर्कांबरोबर इथे. अर्थ एकच, ओझं वाहणारा. घाण त्याला इथे लागली, आमच्या तोंडात.

सेलामेतचा बाप वेलिशा, तोही याच धक्क्यावर राबून मेला. कबरीवर नुसती लाकडी फळी होती, ती कुजली. सेलामेतला दगड बसवायचा होता. वर नाव, खाली 'हमाल'. जावई एरोल कचेरीत नोकरीला. तो अडवायला लागला.

"बाबा, लोक हसतील. 'बंदर कामगार' लिहू या."

"बंदरात मांजरंपण राहतात," सेलामेत म्हणाला. "माझा बाप पोती वाहायचा."

मग एरोलनं मुलांचं काढलं, त्यांच्या शाळेचं काढलं. सेलामेत चहा पीत राहिला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दगड कोरणाऱ्याकडे गेला. त्यानंही छिन्नी खाली ठेवली.

"आगा, मेलेल्या माणसाला मी शिवी कोरू?"

"जिवंत होता तेव्हा रोज देत होतात. तेव्हा कुणाचा हात अडला नाही."

कोरणारा माझ्याकडे बघायला लागला. जन्मभर मीही तोच शब्द तसाच उच्चारला होता. कोरणाऱ्यानं छिन्नी उचलली.

सेलामेतची दोन हिवाळ्यांच्या जादा पाळ्यांची मजुरी त्यात गेली. पांढरा दगड, कमरेइतका उंच. वेलिशाचं नाव, आणि खाली, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, हमाल.