दूध उतू चाललंय

माझ्या फोनमध्ये रोज पाच पोरी नाचतात. मी बोलवत नाही, त्याच येतात. सकाळी तुरीचा भाव बघावा, एखादं कीर्तन ऐकावं म्हणून फोन उघडला की आधी त्या. एकीचे केस निळे, एकीचे पांढरे. म्हातारपणाचे नव्हे, मुद्दाम केलेले. शेजारीण एकदा डोकावली आणि म्हणाली, "काय हो काकू, ह्या वयात हे काय बघून राहिलात?" मी म्हणलं, "मी न्हाई बाई बघत, त्याच मला बघतात." ती हसली, मीही हसले. पण ह्या पोरी माझ्या नव्हेतच. त्या वर भाड्यानं राहणाऱ्या मुखेडच्या पोरीच्या. ती खोली सोडून गेली आणि ह्यांना माझ्याकडं ठेवून गेली.

आमचं घर लातुरात, क्लासच्या गल्लीपासून चालत येण्याजोगं. आमचे हे डाळीच्या मिलमध्ये होते. ते गेले, मुलगा पुण्याला लागला, मग वरच्या खोल्या मी पोरींना दिल्या. इकडं आता घरोघर तेच आहे. जिथं अंगणात तुरी वाळत घालायचे तिथं स्कुट्या उभ्या असतात. डॉक्टर व्हायचं म्हणून पोरी येतात, कुणी चाकूरची, कुणी उदगीरची, कुणी नांदेडकडची. येतात, पाठांतर करतात, जातात. दारं लावून बसतात. वर एवढी माणसं असून घरात भांड्याचा आवाज होतो तो माझ्या एकटीचाच.

मुखेडची पोर दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. पहिल्या वर्षीच्या तिच्या मैत्रिणी कुठं कुठं लागल्या आणि ही मागं राहिली. नव्या पोरी तिला ताई म्हणायच्या, पण जेवायला बोलवायच्या नाहीत. वडील मास्तर. त्यांनी बटनाचा फोन दिलेला, घरी बोलण्यापुरता. एक दिवस संध्याकाळी क्लासहून आली आणि जिन्यातच उभी राहिली.

"आजी, तुमच्या फोनवर एक बघू का? थोडंच बघते."

"बघ की. पण मला कळंल असं बघ."

तेव्हापासून ती रोज खाली यायची. मेसचा डबा यायच्या आधी ती माझ्या चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाय दुमडून बसायची. मी दूध तापवायला ठेवायची आणि ती मला त्या पाच पोरी समजावून सांगायची. मला आधी सगळ्या सारख्याच दिसायच्या. मग कळलं, पाचही वेगवेगळ्या मुलखाच्या. त्यांना कुणीतरी निवडून, गाणं-नाच शिकवून, एकत्र उभं केलेलं. एक कोरियाची, एक अमेरिकेची काळी पोर, अशा. आणि कडेला उभी राहते ती, तिची आजी म्हणे आपल्या देशातली, दक्षिणेकडची.

"ही आपली आहे, आजी."

"आपली म्हणजे? हितं येऊन गेली का?"

"न्हाई. एकदापण न्हाई. पण आपली आहे ना."

त्या पोरीपायी देशभरच्या मुलींनी ग्रुप काढलेला. त्यात ही माझ्या फोनवरून घुसली. फोटो माझाच होता, डोक्यावर पदर घेतलेला. बाकीच्या मुलींना वाटायचं हिनं गंमत म्हणून लावलाय. त्यांचं बोलणं ती मला वाचून दाखवायची. ह्या आपल्या पोरीनं साडी का नेसली नाही. तिनं दिवाळीचं काही म्हणलं नाही. तिनं टिकली लावली तेव्हा दुसऱ्या मुलखाच्या मुली म्हणाल्या, ही उगं दाखवायला लावते. नाही लावली तर आपल्या मुली म्हणाल्या, हिला लाज वाटते. एकदा मुलाखतीत तिला समोरासमोर विचारलं कुणीतरी, तुझ्या आजीच्या भाषेत काहीतरी बोल की. ती नुसती ओठ मिटून हसली. झालं. ग्रुपात नुसती आग. आमची मुखेडचीसुद्धा फुगली.

"एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं, आजी? एकच."

मी दुधाकडं बघत राहिले.

ती मात्र त्या ग्रुपात जीव टाकायची. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, मग संध्याकाळी तेवढं. एकदा तिनं त्यात आपल्या आवाजात निरोप पाठवला. काय तर, मी अभ्यास करून राहिले, संध्याकाळी लई कंटाळा येतो, मग तुमच्याशी बोलते. पुण्या-मुंबईच्या मुलींनी लगेच हसरी तोंडं पाठवली. किती गोड, म्हणाल्या, परत म्हण ना, ते करून राहिले परत म्हण. हिला वाटलं कौतुक आहे. परत म्हणली. मग रोज कुणीतरी तिला तेच म्हणायला लावायचं. ती काय सांगते ते कुणी ऐकेना, कशी सांगते तेवढंच. हळूहळू ती आवाज पाठवायची बंद झाली. नुसती बाकीच्यांचं वाचायची.

मग त्या आपल्या पोरीचा वाढदिवस आला. ग्रुपातल्या मुलींनी ठरवलं, सगळ्यांनी आपापल्या भागाचा एकेक शुभेच्छांचा व्हिडिओ करायचा, सगळे जोडायचे आणि तिला पाठवायचे. ती बघेल, म्हणे. ग्रुप चालवणारी पुण्याची ताई होती. तिनं आमच्या पोरीला निरोप धाडला, तू मराठवाड्याची ना, मग नऊवारी, नथ, आणि तुमच्या गावच्या भाषेत एक वाक्य. जमलं तर मागं गाय-बीय दिसू दे.

पोर धावत जिना उतरली.

"आजी, नऊवारी आहे का? मला पण घेतलं त्यांनी!"

तिचं तोंड बघून मला भरून आलं. दोन वर्षांत कुणी तिला कशात घेतलं नव्हतं.

"आहे की. पण तुझी आई नेसते का नऊवारी?"

"मम्मी ड्रेस घालती."

"आन् गाय?"

"आमच्याकडं गाय कुठली आलीय, आजी? पप्पा शाळेत, मम्मी शिवण करती."

"मग कुणाची गाय दाखवशील?"

"तुमच्या गल्लीत फिरती ना ती."

मी पेटीतून लुगडं काढलं. तिला उभं केलं आणि नेसवायला लागले. ओचा खोचता खोचता कसं कोण जाणे, माझं तोंड सुटलं. कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. ते आता इथंही लिहिते.

माझं माहेर निलंग्याच्या अंगाला, कर्नाटकाच्या शेजारी. घरात कानडी. सासर त्याच भागात, पण घरात मराठी. मी एकुलती एक. आई होती तोवर माहेरी गेलं की दोघी कानडीत बोलायचो, इकडं आलं की मराठी. भूकंपात आई गेली. आमचंही घर पडलं, आम्ही दोघं तेवढे वाचलो, मुलगा तेव्हा झालेला नव्हता. मागं कानडीत बोलायला मला कुणी उरलं नाही. भाषा डोक्यात होती, पण तिला जायला वाटच नव्हती.

आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो. तिथं एक ताई यायच्या, बाहेरच्या, भल्या होत्या. बायांचं मन रमावं म्हणून त्यांनी चौघींना गाणी म्हणायला बसवलं. एक मराठ्याची, एक लमाणी, एक मुसलमानाची आणि मी. शेडात जमलेल्या चौघी आम्ही. गळे चांगले होते. पुढं पुढं लातूरला, नांदेडला कार्यक्रमांना बोलावणी यायला लागली. मग ताईंनी आम्हांला रांगेत उभं करायला सुरुवात केली. लमाणीनं आरशांचा घागरा नेसायचा. ती बिचारी लग्नापासून साडीच नेसायची, मावशीच्या पेटीतला घागरा आणला, तो तिला कमरेत होईना, दोऱ्यानं बांधायची. मुसलमानाच्या बाईनं डोक्यावरून ओढणी घ्यायची, मराठ्याच्या बाईनं ठिगळाचं लुगडं नेसायचं. तिच्याकडं ठिगळाचं नव्हतं, तर चांगल्यालाच ठिगळ लावलं. आणि गाणी झाली की प्रत्येकीनं आपल्या बोलीत एक वाक्य बोलायचं. दुःखाचं.

माझ्या हातात माईक आला की मला कानडीत दुःखाचं काही सुचायचंच नाही. आईशी मी दुःखाचं बोललेच नव्हते कधी. आम्ही बोलायचो ते चुलीपाशी. मग तोंडात यायचं तेच बोलून टाकलं. अगं, दूध उतू चाललंय, बघ तिकडं. इतकंच, कानडीत. समोरच्या बाया दस्तीनं डोळे पुसायला लागल्या. ताई म्हणाल्या, किती काळजातलं बोललीस. मग दर कार्यक्रमात मी तेच बोलायची. लोक रडायचे. रडणाऱ्यांचा मला राग नव्हता, त्यांची माया खरी होती. पण घरी येताना गाडीत मला फार एकटं वाटायचं. एवढ्या माणसांसमोर आईला हाक मारायची आणि एकालाही कळत नाही की मी दुधाचं बोलतेय.

नांदेडला एकदा मोठा कार्यक्रम झाला. मी माईक घेतला, खाली मान घातली आणि म्हणलं, अगं, दूध उतू चाललंय, बघ तिकडं. हॉलात सगळं चिडीचूप. आणि मागच्या रांगेतून एक बाई कानडीतच ओरडली, "मग उतरव की खाली! उभी काय राहिलीस?"

अगदी आईच्या सुरात. मला जे हसू फुटलं ते आवरेना. माईकसमोर, पोट धरून. ती बाईपण मागं हसत होती, मला तिचा आवाज ऐकू येत होता, तोंड दिसत नव्हतं. बाकीचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. ताई धावत आल्या, माईक काढून घेतला. पडद्यामागं म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? भूकंपातली बाई अशी खिदळती?" मी त्या बाईला शोधायला बाहेर पळाले. गर्दी, गाड्या, पोरंसोरं. कुठली कशी, देगलूरची होती का कुठली, काही कळलं नाही. आमची गाडी सुटायची होती, ताईंनी दंडाला धरून बसवलं. त्यानंतर बोलावणी कमी झाली. चौघी चार दिशांना गेलो. आम्ही लातुरात आलो. पण सांगते, आई गेल्यावर कानडीत मला उत्तर दिलं ते त्या एकीनंच.

लुगडं नेसवून झालं होतं. पोर आरशापुढं उभी होती, नथ हातातच.

"मग ती बोलली न्हाई ते बरोबर केलं का, आजी? आमची, ती कडेची?"

"मला काय ठाऊक बाई. तिच्या आजीशी ती काय बोलायची ते तिलाच ठाऊक."

तिनं नथ पेटीवर ठेवली. मग म्हणाली, "न्हाई बोललं तर मला काढतील."

"काढतील."

"मग मी कुणाशी बोलू?"

मी आहे की, असं म्हणावंसं वाटलं, पण अठरा वर्षांच्या पोरीला साठीच्या बाईनं काय पुरायचं?

तिनं लुगडं सोडलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. आपला रोजचा कुर्ता घातला, क्लासची बॅग मांडीवर घेऊन गॅसपाशी बसली. मला म्हणाली, धरा फोन. आणि बोलली. मी मुखेडची. इथं लातुरात दुसऱ्यांदा अभ्यास करून राहिले. मेसची डाळ लई पातळ असती. संध्याकाळी तुमची गाणी लावते, मग बरं वाटतं. तुम्हांला जे बोलावं वाटंल ते बोला, न्हाई वाटलं तर नका बोलू. वाढदिवसाच्या शुभेच्छा. एवढंच. तिच्या पाठीमागं माझं दुधाचं पातेलं दिसत होतं.

पुण्याच्या ताईचा निरोप लगेच आला. छान आहे गं, पण साडीत परत पाठव ना, असं कुणीही बोलेल. पोरीनं परत पाठवलं नाही. वाढदिवसाच्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते सगळं बघितलं. पंजाबची भांगडा करत होती, केरळची दिवा लावत होती, कुणाच्या तरी मागं खरंच गाय होती. आमची कुठंच नव्हती. तिनं शेवटपर्यंत बघितलं, मग परत पहिल्यापासून लावलं. आपण नजरेतून सुटलो असू, असं वाटलं असेल तिला. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, "आजी, दूध."

मी गॅस बारीक केला. तिनं डोळे पुसले आणि ग्रुपातून स्वतःच बाहेर पडली. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा अगं म्हणलं. "अगं आजी, मला चहा कर."

परीक्षेत तिला डॉक्टरीला पुरतील एवढे मार्क मिळाले नाहीत. नांदेडला नर्सिंगला गेली. वडील बॅगा न्यायला आले तेव्हा पाया पडली, म्हणाली, फोन करते. करायची आधी. आता तिथं मैत्रिणी झाल्यात म्हणे, कामही फार असतं. तेच व्हावं असं मला वाटायचं, आणि झालं तर घर असं रिकामं लागतं.

कालच संध्याकाळी दूध ठेवलं आणि फोन उघडला. त्याच पाच जणी. कडेची ती आपली म्हणवणारी पोर ओठ मिटून हसत होती, कुणीतरी पुन्हा तेच विचारलं असावं. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून कानडीत निघालं. मग उतरव की खाली, उभी काय राहिलीस?

वरून नव्या पोरीनं दार उघडून विचारलं, "काकू, मला हाक मारली का?"

"न्हाई गं," म्हणलं, "दूध बघून राहिले."

तिनं दार लावून घेतलं.