सुरतेचा मिस्ड कॉल

सगळ्यात आधी आल्या त्या कमलाभाभी. गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत... पांढरी साडी, डोक्यावर पदर. शेजारणी आपापल्या दारात येऊन उभ्या.

मी म्हटलं, त्यांचे बद्रीभिया गेले. आमच्या ह्यांना इतके दिवस जी धास्ती होती तेच झालं...

थांबा, आधीचं सांगते. माझी शाळा तिसरीतच सुटली. मी बोलते तसं हा फोन लिहून घेतो, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे होणार. ही गोष्ट आमची कापड मिल बंद पडली त्यानंतरची, मोबाईल नवेनवे आले होते तेव्हाची.

आमचे हे आणि बद्रीभिया मिलमध्ये जोडीदार. दोघांचे माग समोरासमोर. त्या खडखडाटात दोघांचेही कान गेले... मिलला कुलूप लागलं तसे हे सांवेर रोडला एका कारखान्यात चौकीदार झाले, आणि बद्रीभिया कमलाभाभींना घेऊन सुरतेला पॉवरलूमवर गेले. आता पत्र दोघांनाही लिहिता येत नाही, आणि फोनवर ऐकू येत नाही. करायचं काय?

इकडे मल्हारगंजात एका जिन्याखाली मुन्नाभियाचं दुकान होतं. आधी तो कॅसेटी भरून द्यायचा. आमच्या मोठीच्या लग्नातली गाणी त्यानंच भरून दिली होती, एक गाणं दोनदा आलं होतं... असो. मग तो मोबाईल विकायला लागला. मोठ्या शोरूममध्ये गेलं की गोड बोलून महागडा प्लान गळ्यात मारायचे, म्हणून मी याच्याकडे गेले.

त्यानं विचारलं, "भाभीजी, बात किससे करनी है?" म्हटलं, बात नाही करायची रे, दोघंही बहिरे आहेत. हसला नाही तो. जरा विचार केला आणि म्हणाला, "तो फिर बोलने का पैसा काहे को देना?" सगळ्यात स्वस्तातला प्लान दिला, घंटी बंद करून थरथरी चालू केली, आणि फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशात घातला. अगदी छातीशी.

तेव्हापासून रोज सकाळी, पहिली पाळी लागायची त्या वेळेला, सुरतेहून मिस्ड कॉल यायचा. खिसा थरथरला की ह्यांचा चेहरा उजळायचा. मग हे उलट मिस्ड कॉल द्यायचे. उचलायचं नाही, बोलायचं नाही... मी आहे, तू आहेस ना, एवढंच.

एक दिवस खिसा थरथरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

ह्यांनी ताट सरकवायला सुरुवात केली. मिलमधली कितीतरी माणसं त्या वर्षांत अशीच गेली होती, कोणी आजारानं, कोणी नुसत्या काळजीनं... मी मुन्नाभियाकडे धावले, तर शटर खाली. बहिणीच्या लग्नाला उज्जैनला गेलेला. दुसऱ्या कोणाला दाखवू म्हटलं, तर हे फोनच देईनात. खिशावर हात ठेवून म्हणाले, "बद्री गेला. आता दाखवून काय करतेस?"

आणि मग कमलाभाभी अशा रडत दारात.

माझ्या गळ्यातच पडल्या. मीही रडायला लागले. पाठीवर हात फिरवत विचारलं, "कैसे हुआ भाभी?" तर हुंदके देत म्हणतात, "मुझसे क्या पूछती हो, तुम बताओ, कैसे हुआ?"

मग मान वर करून माझ्या कपाळाकडे बघतच राहिल्या. "सुमनबाई... ये बिंदी?"

मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. तिथेही टिकली.

तेवढ्यात मागून बद्रीभिया पिशवी घेऊन आले, आणि रडण्यानं जमलेली गर्दी बघून आतून हे. दोघं उभेच... मग बद्रीभिया ओरडले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, साऱ्या गल्लीनं ऐकला. "अबे, तू जिंदा है? मैं तेरे नाम पे सिर मुंडवा के आया हूँ!"

आणि टोपी काढली. गुळगुळीत डोकं. सख्ख्या भावासाठी करतात तसं.

ह्यांनी त्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

संध्याकाळी आम्ही चौघं मल्हारगंजात गेलो. मुन्नाभिया परत आला होता. फोन बघून म्हणाला, "भियाजी तो टनाटन हैं, वैलिडिटी खतम हुई है!" प्लान संपला की येणारे-जाणारे फोन बंद. तसा मेसेज आला होता, पण इंग्लिशमध्ये, कोण वाचणार? तिकडून आम्हाला फोन लावला की कोणी बाई इंग्लिशमध्ये बोलायची. बद्रीभियांना ऐकू येत नाही, भाभींना ती भाषा कळत नाही... त्यांनी नको तोच अर्थ घेतला.

मुन्नाभिया हसत होता, पण बद्रीभियांचं डोकं दिसलं तसा लगेच कामाला लागला. त्यानं जास्त दिवसांचा प्लान टाकून दिला. आणि तेव्हापासून प्लान संपायच्या आधी स्वतः घरी येऊन सांगून जायचा. कुठलं शोरूम करेल असं?

ते दोघं आमच्याकडे राहिले होते तेव्हा दुपारी बघायचे मी... हे आणि बद्रीभिया ओट्यावर समोरासमोर बसलेले, नुसते ओठ हलतायत, आवाज नाही. मागाच्या गोंगाटात तसंच बोलायचे म्हणे, ओठ बघून. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघितलं.

जाताना भाभी म्हणाल्या, अनंत चतुर्दशीला परत येऊ. मिलला कुलूप आहे, पण मिलवाले गणपतीच्या मिरवणुकीत दिव्यांच्या देखाव्यांची झांकी काढतातच ना... त्या दिवशी.