बादलीतल्या काटक्या

माझ्या आईने एडिनबरात राहून सहा महिन्यांत एकच मत बनवलं होतं, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिली की ती ते मला ऐकवायची. "काटक्यांचा देश आहे गं तुमचा!"

ऑक्टोबरात ती आली तेव्हा पानं गळत होती, आणि परतीचं विमान पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मार्चमध्ये. म्हणजे झाडं बहरायच्या आत ही पुण्याला. मी तिला गवतातली स्नोड्रॉप्सची पांढरी फुलं दाखवली. "ती गवतातली. मी झाडाचं बोलतेय," म्हणून तिने ती निकालात काढली. तिच्यासाठी घेतलेला जाडजूड कोट अंगावर चढवताना दर वेळी बजावायची, "मी गेले की हा कुणाला तरी देऊन टाक. मी काही पुन्हा यायची नाही." ती हे सहज बोलायची. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी. तिने दरवर्षी यावं, एवढंच मला हवं होतं, आणि या मेल्या काटक्या माझ्या मुळावर उठल्या होत्या!

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या कुंपणाला फॉर्सिथियाचं झुडूप आहे, एप्रिलमध्ये नुसतं पिवळंधमक होतं. त्यांनीच मला युक्ती सांगितली. कळ्या फुगल्या की फांद्या कापायच्या, बुडाशी चीर द्यायची, कोमट पाण्यात उभ्या करायच्या. काही दिवस गारव्यात ठेवायच्या, मग घरात उजेडाला. फांदीला वाटतं थंडी संपली, आणि ती दोन-तीन आठवड्यांत फुलते. फांदीला चक्क गंडवायचं! मी हरखूनच गेले. पाडव्याला आईला सरप्राइज द्यायचं म्हणून मी फांद्यांची बादली मागच्या शेडमध्ये लपवली आणि आठवडाभर चोरासारखी जाऊन पाणी बदलत राहिले. आईला अवाक्षरानेही सांगितलं नाही. काय ही माझी अक्कल!

होळीच्या दिवशी कामावरून घरी आले तर मागच्या अंगणात धुराचा लोट. बार्बेक्यूत होळी पेटलेली, समोर पुरणपोळीचा नैवेद्य, आणि कोटावरून पदर घेतलेली आई नारळ हातात धरून प्रदक्षिणा घालतेय.

"बघ, काही विकत आणावं लागलं नाही," ती म्हणाली. "शेडमध्ये काटक्या होत्याच. पण त्या भिजत कशाला घातल्या होत्यास गं? पेटता पेटेनात. वाटीभर तूप गेलं माझं."

होळीला बोंब मारायची आपली रीतच आहे. त्या संध्याकाळी मी जी ठोकली ती सगळ्या रस्त्याने ऐकली असणार. आईला वाटलं, पोरगी रंगात आली. तिनेही तोंडावर हात मारत मला साथ दिली. शेजारीणबाई घाबरून कुंपणावरून डोकावल्या. मग मी एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, रडत-हसत सगळं सांगितलं. शेजारीणबाई कुंपण धरून हसत सुटल्या. आई हसली नाही.

"मला काय माहीत त्यांच्यात जीव आहे म्हणून?" ती म्हणाली. आणि मग हळूच, "माझ्यासाठी होत्या?"

"नाही, होळीसाठीच होत्या!" मी फणकारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आई बूट घालून कुंपणाशी हजर. ही मराठीत बोलतेय, शेजारीणबाई इंग्रजीत, आणि दोघी मिळून फांद्या छाटतायत. भारा कवेत घेऊनच आई घरात शिरली. "पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात लग्नं उरकतात माणसं," म्हणाली आणि तिने सगळा कारभार हातात घेतला. कुकर, पातेली, बादली, तांब्या, जे सापडेल त्यात फांद्या. दिवसातून दोनदा गरम शॉवर सोडून, दार लावून बाथरूममध्ये वाफ करायची आणि फांद्यांना तिथे बसवायची. माझा नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळत उभा. "जावईबापू, दहाच मिनिटं हं. बाळंतिणीला शेक चाललाय."

आठ दिवस गेले, दहा गेले. कळ्या ढिम्म. आईचं जेवणात लक्ष लागेना. "माझाच हात लागला म्हणून रुसल्यात," म्हणायची.

पाडव्याला तीन दिवस उरले आणि सकाळी आई अशी ओरडली की मी दात घासता घासता पळत आले. कुकरमधल्या फांदीला पिवळं टोक! आम्ही दोघींनी एकमेकींना धरून स्वयंपाकघरात चक्क फुगडी घातली, माझ्या तोंडातला फेस तिच्या खांद्यावर. मग काय विचारता! दोन दिवसांत अख्खं घर पिवळं. वरणात पाकळ्या, नवऱ्याच्या बुटात पाकळ्या. आई फोन घेऊन घरभर फिरत मावशीला दाखवत होती, "बघ, आमच्याकडे वसंत आला! बाहेर कुणाकडे नाही हं अजून, आमच्याकडेच." मी भांडी घासता घासता थांबले. ती माझ्या घराला पहिल्यांदाच 'आमच्याकडे' म्हणत होती.

पाडव्याला पडद्याच्या दांडीची गुढी उभारली. आईचं रेशमी वस्त्र, वर तांब्या, साखरेची गाठी, दुकानातला सुकलेला कडुलिंब आणि भरघोस पिवळ्या फांद्या. शेजारीणबाईंना बोलावलं होतं. त्यांनी कडुलिंब-गुळाची गोळी तोंडात टाकली, डोळे घट्ट मिटले आणि निमूट गिळली. आईने खूश होऊन दुसरी दिली.

दुसऱ्या दिवशी सामान दाराशी आलं. तिच्याच हुकमाप्रमाणे मी तिचा कोट चॅरिटी शॉपला द्यायच्या पिशवीत घालून ठेवला होता. ती पिशवी पाहून मला रडू येत होतं, म्हणून मी उगाचच बॅगांची कुलुपं तपासत बसले. आईने चपला शोधता शोधता पिशवीत डोकावून पाहिलं. कोट बाहेर काढला, झटकला आणि दारामागच्या खुंटीला लावला.

"शेजारच्या म्हातारीला सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "पुढच्या फेब्रुवारीत माझ्या फांद्या राखून ठेव म्हटलं."

"अगं, त्यांना मराठी कुठे येतं?"

"कळलं तिला. चल, टॅक्सी आली."