विष कालवलेलं पिठलं

तीर्थपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या पप्पूनं सिनेमा काढायचं ठरवलं. शूटिंग मोबाइलवर करायचं, पण ऐट थेटरची! गोष्ट अशी की, एक बाई जमिनीसाठी श्रीमंत म्हाताऱ्याशी लग्न लावते आणि पिठल्यातून त्याला विष घालते. बाईच्या कामाला त्यानं साठीची गोजरबाई ठरवली.

हे ऐकून अख्खी गल्ली गालात हसली. विशीतल्या गोजरनं पंचेचाळिशीच्या बिजवराशी, कारभाऱ्याशी लग्न केलं, तेव्हाच लोकांनी निकाल देऊन टाकला होता : पोरगी म्हाताऱ्याच्या शंभर मेंढरांवर भाळली! कारभारी जाऊन सहा वर्षं झाली, तरी लोकांचं तोंड काही बंद झालं नव्हतं. गोजरबाईनं मुद्दाम होकार दिला. तोंड लपवलं तर लोकांचं म्हणणं खरं ठरेल, असं तिला वाटलं. बाई मोठी हिंमतीची.

चूल पेटली. म्हाताऱ्याच्या कामातला त्रिंबक पाटावर बसला. गोजरबाईनं विषाची खोटी पुडी पिठल्यात रिकामी केली आणि अशी हसली की पप्पूच्या अंगावर काटा आला. मग सवयीनं पळीतलं थोडं पिठलं तळहातावर घेऊन तिनं चाटलं.

"कट! आजी, इख हाय त्यात! तूच मरशील की!"

"मंग? चाखल्याबिगर ताटात कसं वाढू? कारभाऱ्याला बीपी होता. चौदा वर्षं मीठ बघितल्याबिगर घास न्हाई वाढला म्या."

सगळे पोट धरून हसले. पप्पू हुशार, त्यानं ते तसंच ठेवलं. सिनेमात लोभी बाई आपल्याच पिठल्यानं मेली आणि म्हातारा जगला.

देवळापुढं पडदा लावून सिनेमा दाखवला. लोक हसून हसून बेजार झाले. संपल्यावर शेजारची दैवशाला भर गर्दीत ओरडली, "गोजरे, खऱ्यात तर मेंढरासाठीच केल्तं ना लगीन?"

गोजरबाई उठून उभी राहिली.

"व्हय. मेंढरासाठीच केल्तं. बापाच्या घरी खायला न्हवतं. पण मेंढरं तिसऱ्याच वर्षी रोगानं मेली, दैवशाला. मंग पुढची एकतीस वर्षं म्या कशासाठी नांदले, ते सांग की!"

दैवशाला पदर चाळवत राहिली. गोजरबाई ताठ मानेनं पुढं जाऊन पडद्यासमोर मधोमध बसली.

"पप्पू, पह्यल्यापासून लाव रं. कशी दिसून राह्यले, बघू दे मला."