बांधावर खाली ठेवलेली कुऱ्हाड

लेखी परीक्षा पास झालो त्या संध्याकाळी आईनं भावकीत साखर वाटली. औशाकडच्या आमच्या गावात चांगली बातमी घरात ठेवत नाहीत. बांधावरून चुलत्यांशी बोलणं बंद होतं, तरी त्यांच्याही दारात आई गेली. काकूनं विचारलं म्हणून सगळं सांगूनही आली: पोरगा हवाई दलात पायलट व्हायला चाललाय, अजून मुलाखत आहे, डोळे-कान-हाडं तपासतील, अन् शेवटी पोलीस गावात येऊन विचारतील, ह्याच्यावर केस आहे का.

हे तिला मीच समजावलं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नांदेडच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं केलं, पळून पळून अंग कमावलं, इंग्रजीची भीती आरशासमोर बोलून मोडली. विमान चालवायची कुवत बघणारी यंत्रावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, हेही ठाऊक होतं. तयारीत काही सोडलं नव्हतं.

पेरणीच्या आधी चुलत्यांनी ट्रॅक्टर लावून आमचा बांध कोरला. अप्पा, म्हणजे माझे वडील, आडवे उभे राहिले. मी पळत पोचलो तेव्हा चुलतभावानं त्यांची गचांडी धरली होती आणि चुलते काठीनं पाठीवर मारत होते. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येत होता. मला बघून चुलते थांबले.

"आले का पायलटसाहेब! या, या."

काठी माझ्या डोक्याकडे आली. अप्पा मध्ये घुसले. ती त्यांच्या डाव्या कानावर बसली. कान फाटला, रक्त मानेवरून बंडीत उतरलं, ते गुडघ्यावर आले. चुलतभावानं त्यांच्या तोंडावर लाथ घातली.

बांधावर आमची कुऱ्हाड पडली होती. ती माझ्या हातात कधी आली, कळलं नाही. चुलतभाव मागं सरला. चुलत्यांनी मात्र काठी टाकली अन् डोकं पुढं केलं.

"मार की! एक घाव घाल, मग बघू कोन तुला इमानात बसवतंय."

साखर कुठवर पोचली होती ते तेव्हा कळलं. तरी उगारलेली कुऱ्हाड खाली ठेववेना. मला ते डोकं फोडायचंच होतं.

"ठिव खाली," अप्पा रक्त थुंकत म्हणाले. "ठिव म्हनलं ना!"

ठेवली. लगेच चुलतभावानं मला पाडलं आणि बरगडीत लाथा घातल्या. मी दोन्ही हातांनी डोळे-कान झाकून पडून राहिलो. शेजारच्या रानातली माणसं धावत आली तेव्हा थांबलं.

दवाखान्यात अप्पांच्या कानाला टाके घातले. फिर्याद द्यायला मात्र ते तयार होईनात. आमच्याकडे एकानं फिर्याद दिली की दुसरा उलटी देतो, अन् तिच्यात घरातल्या एकूण एक पुरुषाचं नाव घालतो.

"तुझं नाव पयलं असंल," ते म्हणाले. "जाऊ दे ती बांधाकडची रानाची पट्टी."

मुलाखतीत अधिकाऱ्यांनी विचारलं, भांडणात कधी हात उचलला आहे का? घडलं ते सगळं सांगितलं, कुऱ्हाडीसकट. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझ्या कानात उजेड टाकून बघितलं आणि होकाराची मान हलवली. निवडयादीत नाव आलं तसा मी घरी फोन लावला.

"अप्पा, झालं!"

"थांब, ह्या कानाला लावतो. हं, बोल."

पुन्हा सांगितलं. मागून आईचा आवाज आला, "साखर आणू का?"

"आण," अप्पा म्हणाले, "पर पोलीस येऊन जाऊ दे आधी."